तळहातातलं पातं

मित्रांनो, साऱ्या त्रिभुवनात असं एकच शस्त्र झालं, ज्याच्यावर प्रत्यक्ष अन्नदेवतेनं विश्वास टाकला. ते शस्त्र म्हणजे मी. माझी लांबी चार बोटं आहे.

शस्त्र म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे जे काही उभं राहिलं असेल, ते कृपया खाली बसवा. मी भाताच्या लोंब्या कापायची एक जुनी आनी-आनी आहे. फणसाच्या लाकडाची पातळ फळी, तिच्या कडेत बसवलेलं नखाएवढ्या रुंदीचं पातं आणि बोटांत धरायला आरपार घातलेली बांबूची कांडी, एवढाच माझा संसार. लांबून पाहणाऱ्याला मी मोडक्या फणीसारखी दिसते. जवळून पाहणाऱ्यालाही तशीच दिसते.

जावा बेटावरच्या केडुंगपारी गावात सादिकुन नावाच्या तरुणानं मला घडवलं, आपल्या होणाऱ्या बायकोसाठी. माझ्या पाठीवर त्यानं तीन दिवस खपून एक पक्षी कोरला.

"कोंबडी छान जमलीय," पाइंतेन मला हातात घेऊन म्हणाली.

"मोर आहे तो."

"अंडी देईल ना? मग झालं."

असा त्यांचा संसार सुरू झाला. तो सुखाचा होता, पण आखूड होता. चौथ्या वर्षी सादिकुन तापानं गेला. मागे राहिलो तिघं: पाइंतेन, तिच्या मांडीवरचा तुकिरान आणि मी. जमीन म्हणाल तर पायाला लागलेली तेवढीच.

पण मित्रांनो, त्या काळी जमीन नसलेल्यांसाठी मी होते. ते कसं, ते सांगते.

भाताच्या लोंबीत एक देवी राहते. गावात तिला म्बोक श्री म्हणतात, म्हणजे श्रीआई. ती फार भित्री. मोठं पातं दिसलं की दचकते, खाचर सोडून निघून जाते आणि जाताना भातातला कस घेऊन जाते. म्हणून कापायचं ते एकेक लोंबी धरून, पातं तळहातात लपवून, तिला कळणार नाही असं. म्हणजे माझी सगळी थोरवी काय, तर मी दिसत नसे. प्रतिष्ठेचे पुष्कळ प्रकार असतात, त्यांतला हा एक.

एकेक लोंबी कापायची तर बायका पुष्कळ लागतात. आणि कापणीला आलेल्या बाईला परत पाठवायचं नाही, हा गावाचा कायदा होता. तो कुठेही लिहिलेला नव्हता, म्हणून सगळे पाळत. पाक विर्योरेजो हे गावातले मोठे जमीनदार. त्यांच्या खाचरात पहाट फुटताच दोनशे बायका उतरायच्या. अर्धं भात त्यांच्या पायांखाली जातं, असं पाक विर्यो बांधावर उभे राहून म्हणत, पण हळू आवाजात. 'नाही' म्हणणाऱ्याच्या घरच्या लग्नाला कोणी भांडी घासायला येत नसे.

जी जेवढं कापेल त्यातला वाटा तिचा. पाइंतेनचा हात असा चाले की शेजारच्या बाया तिच्यापासून दोन हात लांब राहत, आपली अब्रू राखायला. पाक विर्योंची बायको, बू विर्यो, वाटा बांधताना तिची पेंढी जरा जाड बांधायची आणि न बांधल्यासारखं दाखवायची. त्या पेंढ्यांवर पाइंतेनची चूल पुढचा हंगाम येईतो चाले. तुकिरान त्यावरच वाढला. बावीस वर्षांचा झाला, खांद्यानं दारात मावेना.

आणि मग सरकारी कचेरीतून नवं बियाणं आलं.

हे भात बुटकं होतं. एकदम पिकायचं, हात लावला की दाणे सोडायचं, आणि माझ्यानं ते कापायचं तर बाईला कमरेतून वाकावं लागे. वर्षातून दोनदा यायचं, हेही खरं. त्याला नाव नव्हतं, नंबर होता. देवी नंबरमध्ये राहते की नाही, हे कचेरीतल्या साहेबांनी सांगितलं नाही. कोणी विचारलंही नाही.

त्याच वर्षी पाक विर्योंनी खाचरातलं उभं पीक जुमादी नावाच्या व्यापाऱ्याला विकून टाकलं. जुमादी दोन तालुके पलीकडचा. तो अठरा गडी लावणार, अठरा विळे, आणि एका दिवसात खाचर मोकळं करणार. बातमी कळताच पाइंतेन आणि चार बायका पाक विर्योंच्या ओसरीवर जाऊन बसल्या.

"मी काय करू बायांनो?" पाक विर्यो हात पसरून म्हणाले. "पीक आता माझं नाहीच. जुमादीला विचारा."

जुमादी तिथेच कॉफी पीत होता. तो म्हणाला, "मावशी, मी तर या गावचा नाही. मला तुमच्या चालीरीती काय ठाऊक?"

मित्रांनो, मी आयुष्यभर धारेचं काम केलं, पण एवढं सफाईदार कापलेलं मी दुसरं पाहिलं नाही. ज्याला लाज वाटायची त्याचं पीक नव्हतं आणि ज्याचं पीक होतं त्याला लाजायचं कारण नव्हतं.

घरी आल्यावर पाइंतेनला दुसरी बातमी मिळाली. अठरा विळ्यांतला एक तुकिरानचा होता.

"म्बोक, असं बघू नकोस," तो म्हणाला. "तुम्ही दहा जणी मिळून कापता ना, तेवढं मी एकटा कापतो."

"आणि त्या दहा जणी खातील काय?"

"ते जुमादीला विचार."

"तोंडपाठ झालंय रे सगळ्यांना," पाइंतेन म्हणाली आणि मला चुलीमागच्या कुडात खोचून ठेवलं. जरा जोरात खोचलं. माझ्या कोंबडीच्या तुऱ्याचा टवका उडाला.

आता इथे माझी आठवण काढली गेली, मित्रांनो. कापणीच्या आधी भाताचं लग्न लावायचं असतं. दिवस पाहून ठरवलेल्या मोजक्या लोंब्या कापायच्या, त्यांची नवरा-नवरी बांधायची आणि कोठारात नेऊन बसवायची. त्या लोंब्या बाईनंच कापायच्या, आनी-आनीनंच कापायच्या, आणि कापताना तोंडातून शब्द काढायचा नाही. ती जुडी कमरेला बांधून बांधावर येईपर्यंत दुसऱ्या कोणी खाचरात पाय ठेवायचा नाही, तिला हाक मारायची नाही. पीक विकून झालं होतं, पण देवीला नाराज करण्याची बू विर्योंची छाती नव्हती. त्या स्वतः पाइंतेनच्या दारात आल्या.

"पाइंतेन, लोंब्या तूच कापायच्या. तुझ्यासारखा हात गावात नाही."

"कापते की. आणि मग कापणीला थांबू?"

बू विर्यो अंगणातल्या कोंबड्यांकडे बघायला लागल्या. बराच वेळ बघितलं. कोंबड्या दोनच होत्या.

"ते आता जुमादीचं झालं गं," त्या शेवटी म्हणाल्या.

"बरं," पाइंतेन म्हणाली. "लोंब्या कापायला येते."

त्या 'बरं'मध्ये काय होतं, ते तेव्हा मलाही कळलं नाही.

सकाळी खाचराच्या कोपऱ्यात केळी, उकडलेलं अंडं, लाल-पांढरी खीर असा नैवेद्य मांडला. धूप पेटला. बांधावर अठरा गडी विळे मांडीखाली दडवून बसले. देवीला दिसू नयेत म्हणून जुमादीनंच तसं सांगितलं होतं. चालीरीती ठाऊक नसलेल्याला एवढं बरोबर ठाऊक होतं. पलीकडच्या बांधावर गावच्या बायका उभ्या होत्या. प्रत्येकीची मूठ मिटलेली. त्या मुठींत माझ्या बहिणी होत्या.

पाइंतेन खाचरात उतरली. ठरलेल्या लोंब्या कापल्या. जुडी बांधली. सगळ्यांना वाटलं, आता ही वर येईल.

ती वर आली नाही. तिनं पुढची लोंबी कापली. मग त्याच्या पुढची. ओळ संपली, ती वळली आणि दुसरी ओळ धरली.

पाक विर्यो बायकोच्या कानाशी लागले. "लोंब्या झाल्या ना गं? किती सांगितल्या होत्यास?"

"गप्प बसा, तिचं मौन आहे."

"तिचं आहे, माझं नाही."

"तुम्ही बोललात तर ती दचकेल."

"कोण, पाइंतेन?"

"देवी हो!"

सूर्य नारळाच्या वर आला. पाइंतेन कापत होती. गडी लवंगेच्या विड्या ओढत होते. रस्त्यावर जुमादीचा ट्रक उन्हात तापत उभा होता आणि त्याचा ड्रायव्हर दर थोड्या वेळानं हॉर्न वाजवून देवीला दचकवत होता. पलीकडच्या बायकांपैकी एक जण हसली. मग दुसरी. तेव्हा मला त्या 'बरं'चा अर्थ लागला. ती बांधावर येत नाही तोवर कोणाला आत पाय ठेवता येत नव्हता, आणि तिला वर यायची घाई नव्हती. एकेका लोंबीनं सगळं खाचर कापायचा तिचा विचार होता. मी थरारले. माझ्या जातीच्या इतिहासात अठरा विळ्यांना एका आनी-आनीनं अडवल्याचा हा पहिलाच प्रसंग होता.

"तुमची देवी जेवायला तरी थांबते का?" जुमादीनं विचारलं.

मग तो गड्यांकडे वळला.

"चला रे, त्या टोकाकडून सुरू करा."

कोणी हललं नाही. गडी बरेचसे आसपासच्याच गावांतले होते. त्यांच्याही घरी कोठारं होती, म्हाताऱ्या होत्या.

जुमादीनं सगळ्यांकडे एकवार पाहिलं. मग तो शांतपणे म्हणाला, "जो पहिला उतरेल, त्याला पुढच्या हंगामापासून मुकादम करतो."

एक गडी उठला. त्यानं चपला काढल्या, नीट जोडून बांधावर ठेवल्या आणि दूरच्या कोपऱ्यातून खाचरात उतरला. त्याचे खांदे ओळखायला मला जवळ जायची गरज नव्हती.

विळ्याचा आवाज झाला. माझा आवाज म्हणजे कोणी जीभ टाळूला लावून काढावा तेवढा. हा आवाज कापड टराटरा फाडल्यासारखा होता.

आता मी वाट पाहिली, मित्रांनो. आता आभाळ भरून येणार. आता देवी उठणार आणि तिच्यामागून सगळा कस उडून जाणार. एक बगळा तीन पावलं बाजूला सरकला. बाकी काही झालं नाही. तुकिराननं दुसरी मूठ धरली, कापली. मग बाकीचे सतरा उतरले.

तेव्हा पाइंतेन उभी राहिली आणि तिनं मूठ उघडली. भर खाचरात, उन्हात, भाताच्या देखत मी पहिल्यांदा उघडी पडले. देवी मला बघत असेल तर तिनं बघावं, अशी. मग पाइंतेन बोलली. आपण होऊन मौन मोडलं.

"तुकिरान, गुडघ्यात वाक रे," ती म्हणाली. "कमरेत वाकशील तर पाठ धरेल."

त्यानं वर पाहिलं नाही. पण तो गुडघ्यात वाकला.

ती बांधावर आली तेव्हा जुमादीच्या माणसानं तिच्या कमरेच्या पदरातल्या लोंब्या काढून घेतल्या. पीक विकलेलं होतं, आणि पीक म्हणजे सगळं पीक. बू विर्योंनी मोठ्या मिनतवारीनं नवरा-नवरीपुरत्या लोंब्या परत मिळवल्या आणि वाजतगाजत कोठारात नेऊन बसवल्या. त्या वर्षी कोठारात भात तेवढंच होतं: नवरा आणि नवरी.

आणि पीक उत्तम निघालं. कस गेला नाही, दाणा पोचट झाला नाही. मला सगळ्यांत जास्त काय लागलं असेल, तर हे. देवी विळ्याला घाबरलीच नाही. इतकी वर्षं मला लपवलं कोणापासून मग? पुष्कळ विचार केल्यावर मला वाटतं, ती देवीपेक्षा आम्हाला सांभाळणारी गोष्ट होती. देवी भित्री आहे म्हटलं की दोनशे बायकांना काम मिळे. बायकांना काम द्या, असं सरळ कोणी म्हटलं असतं, तर पाक विर्योंनी ते कधीच ऐकलं नसतं.

पुढच्या हंगामात बायका आल्या, पण कापणी आटोपल्यावर. पाइंतेन विळ्यांच्या मागून सरवा वेचायची, गळलेले दाणे चिखलातून नखानं काढायची. पेंढी जाड बांधायचा प्रश्न उरला नव्हता, कारण पेंढीच नव्हती. घरात भाताऐवजी कसाव्याचे कंद शिजायला लागले. ती कंदांचं ताट पुढ्यात घेऊन म्हणायची, "हे बरंय. याला देवी नाही, कोणी घाबरत नाही." तिसऱ्या वर्षी ती वारली. तिच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणासाठी तांदूळ विकत आणावे लागले.

तुकिरान मुकादम झाला नाही. ती जागा जुमादीनं आपल्या मेव्हण्याला दिली. तुकिराननं पंधराएक वर्षं विळा चालवला, पाठ धरली, मग खाचरात यंत्र आलं. ते कापतं, झोडपतं आणि पोती भरतं, आणि त्याच्या ड्रायव्हरला गावात कोणी ओळखत नाही. तुकिरान आता ओसरीवर बसून त्याचा आवाज ऐकतो. कधी मला हातात घेतो, पाठीवरून अंगठा फिरवतो आणि परत जागेवर ठेवतो. त्याचा विळा माझ्या शेजारीच कुडात खोचलेला असतो. आम्ही एकमेकांशी बोलत नाही.

आता, मित्रांनो, आत्मवृत्त संपत आलं म्हणजे काहीतरी बोध द्यायचा असतो. जुन्या वस्तूंचा मान राखा, असं मला सांगता आलं असतं. पण मला खूप मान होता, आणि तो कोणाच्या पोटाला पुरला नाही. ताटातला भात टाकू नका, असंही सांगता आलं असतं. पण तुम्ही तो टाकलात काय आणि खाल्लात काय, तो कोणाच्या हातून आला हे भाताला सांगता येत नाही. म्हणून बोध राहू द्या. तुकिरानची सून लासमी हिच्याशी तुमच्यापैकी कोणाची ओळख असेल, तर तिला एक निरोप द्या. ती हल्ली माझ्या पात्यानं माशांचे खवले काढते. त्याला माझी हरकत नाही. फक्त काम झाल्यावर मला धुऊन जरा उंचावर ठेव म्हणावं. मांजर चाटत बसतं.