फेब्रुवारीत सुटणारी बोट

सुप्रभाताईंनी साताऱ्याच्या शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवला, पण बोटीत म्हणून कधी पाय ठेवला नव्हता. लेकाकडे जपानला, त्सुकुबाला दोन महिने राहायला आल्या तेव्हा सुशीलनं विचारलं, "आई, काय काय बघायचंय?" त्यांनी ना फुजीचं नाव काढलं, ना देवळांचं.

"उत्तरेच्या एखाद्या बंदरातून बोटीनं निघायचंय. गोठलेला समुद्र आजवर नुसता नकाशावर दाखवलाय मी."

सुशीलला मार्चपर्यंत रजा मिळणं शक्य नव्हतं, आणि ताईंचं परतीचं तिकीट होतं वीस फेब्रुवारीचं. त्यामुळे बोट शोधायचं काम सुनेच्या गळ्यात पडलं.

यामिनी एका संस्थेत मातीवर संशोधन करायची. जेवणाच्या सुट्टीत ती एका हातानं पोळी तोडायची आणि दुसऱ्या हातानं क्रूझच्या तारखा शोधायची. ओतारू, हाकोदाते, आओमोरी... बंदरं एकाहून एक सरस, पण जहाजं सगळी वसंतापासून शरदापर्यंतची. फेब्रुवारी टाकला की वेबसाइट तिला मुकाट्यानं योकोहामाला आणून सोडायची आणि तिथून ओकिनावाच्या उन्हात पाठवायची. शेवटी तिनं एका ट्रॅव्हल कंपनीत फोन लावला. पलीकडची बाई अदबीनं म्हणाली, "फेब्रुवारीत उत्तरेकडून म्हणजे... चोत्तो..." आणि थांबली. 'चोत्तो' म्हणजे 'जरासं', पण जपानमध्ये असं अर्धवट सोडलेलं वाक्य म्हणजे सरळ नकार, हे यामिनीला सहा वर्षांत कळून चुकलं होतं.

तिचा पडलेला चेहरा बघून शेजारच्या टेबलावरच्या मोरी-सान म्हणाल्या, "तुझ्या सासूबाईंना जहाजात राहायचंय, की बर्फ बघायचाय?"

हा प्रश्न यामिनीनं स्वतःला विचारलाच नव्हता. मोरी-सान मूळच्या उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावरच्या. त्यांनी सांगितलं, की अबाशिरी बंदरातून ऐन थंडीतच बर्फ फोडत जाणारी बोट सुटते. फेरी मात्र जेमतेम तासाभराची.

घरी यामिनीनं हे चाचरतच सांगितलं. "आई, केबिन नाही, मेजवानी नाही. तासाभरात परत किनाऱ्यावर. चालेल तुम्हाला?"

"न चालायला काय झालं? माझा तास तर पस्तीस मिनिटांचाच असायचा."

दोघी निघाल्या. लग्नाला सात वर्षं झाली होती, पण दोघींनी मिळून असा प्रवास पहिल्यांदाच केला. विमानात बोलणं झालं ते स्वेटर आणि औषधांपुरतं.

अबाशिरीच्या धक्क्यावर पोचल्या तर तिकीट खिडकीवर पाटी: वाऱ्यामुळे आजच्या फेऱ्या रद्द. यामिनीला रडूच कोसळायचं बाकी होतं. "उद्या दुपारी आपलं विमान आहे, आई. सकाळची बोटसुद्धा भरलीय."

सुप्रभाताईंचं लक्ष भलतीकडेच होतं. "वारा कुठल्या दिशेचा आहे, विचार त्या खिडकीतल्या मुलीला."

मुलीनं उत्तरेकडे हात केला. ताईंचा चेहरा खुलला. वाफेनं धुरकटलेल्या काचेवर त्यांनी बोटानं रशियाचा किनारा काढला, सखालिन बेट काढलं, वरून उतरणारी आमूर नदी काढली आणि तिथून खाली अबाशिरीपर्यंत बाण ओढला. "बर्फ इथून येतो. उत्तरेचा वारा त्याला किनाऱ्याकडे ढकलतो. हो ना?"

यामिनीनं भाषांतर केलं. मुलगी खिडकी सोडून बाहेरच आली. "आठवडाभर नुसतं निळं पाणी होतं," ती म्हणाली. "लोक हिरमुसून परत गेले. हा वारा असाच राहिला तर उद्या बर्फ येईल. तुमची नावं मी प्रतीक्षायादीत लिहिते. सकाळी लवकर या."

सकाळी वारा पडला होता. एका कुटुंबातलं मूल तापानं फणफणलं होतं, म्हणून त्यांच्या जागा रिकाम्या झाल्या आणि दोघींना मिळाल्या. धक्का मागे पडला, थोडं काळं पाणी गेलं आणि मग क्षितिजापर्यंत पांढरंच पांढरं. बोटीचं नाक बर्फावर चढलं, खालून कडकड आवाज झाला आणि भलीमोठी लादी उभी दुभंगली. सुप्रभाताईंनी यामिनीचा दंड घट्ट धरला.

त्यांनी कठड्यावरून वाकून खाली पाहिलं. मग म्हणाल्या, "मी चुकीचं शिकवलं गं. गोठलेला समुद्र शांत असतो, असं सांगायचे पोरांना. हा तर केवढा कुरकुरतोय!"

यामिनी खळखळून हसली. ताईही हसल्या, नाक लालेलाल झालेलं, डोळ्यांत पाणी.

"आई, त्या आमूर नदीबरोबर मातीतलं लोहही येतं या समुद्रात. त्यावर इथली सूक्ष्म शेवाळं वाढतात, आणि त्यांच्यावर पुढे मासे पोसतात."

"म्हणजे रशियातली माती इथल्या माशांना पोसते?" ताई तिच्याकडे वळल्या. "आणि हे मला सात वर्षांत सांगितलं नाहीस?"

"तुम्ही कधी विचारलं नाहीत."

"आता विचारतेय. नीट, पहिल्यापासून सांग."

गारठ्यानं बाकीचे प्रवासी केव्हाच खाली गेले. डेकवर या दोघीच उरल्या, एक शिकवणारी आणि एक मधे मधे शंका काढणारी. बोट धक्क्याला लागली तरी ताईंच्या शंका संपल्या नव्हत्या.