पथरीचं सोंग

धारमध्ये मला पथरी आहे. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर मला फक्त इंदूरच्या दवाखान्यात असतो. परतताना तो बसमध्येच कुठेतरी उतरतो.

ही युक्ती माझ्या सासूबाईंची, माईंची. "त्या जागेचा रोग म्हटला की लोक आधी बाईची चाल बघतात," त्या म्हणाल्या. बघतातच, म्हणून तर जास्त संताप येतो. पंचवीस वेळा किरणांचे शेक घेऊन मी कॉलनीभर पथरीवरचे उपाय ऐकत फिरते. स्वानंदने, माझ्या नवऱ्याने, तर एकाला खड्याचं मापही सांगितलं!

परवा पुतण्याच्या मुंजीचं बोडण होतं. देवीपुढच्या परातीत चार सवाष्णी आणि एक कुमारिका दूध, दही, पुरण हातांनी कालवतात. इतकी वर्षं त्या चौघींत मी असायचे. यंदा माईंनी परस्पर दुसरीला बोलावलं. "तू आराम कर." पथरीचा विटाळ कधीपासून व्हायला लागला, हे विचारायचं ओठांवर आलं होतं. गिळलं.

मी स्वयंपाकघरात वाट्या पुसत होते. धाकटी जाऊ जान्हवी, देवासहून आलेली, आत आली आणि तिने दार लोटून घेतलं.

"वहिनी, तुम्हाला सुरुवातीला होत होतं ना, तस्संच मलापण होतंय. दिवाळीपासून मधेच ब्लीडिंग, कमरेत दर्द. पथरीच ना? रोज कुळथाचं पाणी पितेय, पण काहीच फरक नाही."

मी हातातली वाटी खाली ठेवली. राग माईंचा आला आणि त्याहून जास्त माझा स्वतःचा. पाच महिने मीही मान डोलावत होते.

"जान्हवी, मला पथरी नाहीये. कॅन्सर आहे. गर्भाशयाच्या मुखाचा."

तेवढ्यात पुरण न्यायला माई दारात आल्या. "बकुळे! बाहेर बायका बसल्यात!"

"मग हिला काय सांगू, माई? अजून पाणी पी म्हणू?"

माईंनी जान्हवीकडे पाहिलं. ती ओट्याला धरून उभी होती, चेहरा पांढराफटक. माई मटकन पाटावर बसल्या.

मी इंदूरच्या दवाखान्यात फोन लावला. जान्हवीसाठी उद्याचीच वेळ मागितली. घरात आणखी कोणाला काही आजार आहे का, असं तिथल्या नोंदणीच्या बाईने विचारलं.

"हळू बोल गं," माई म्हणाल्या.

मी दार सताड उघडलं आणि परातीभोवतीच्या बायकांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने माझ्या रोगाचं नाव सांगितलं.