हातभर डावीकडे

चाको प्रांतातल्या उन्हात, मातीच्या बांधाआड खणलेल्या खड्ड्यात मी सकाळपासून बसलो होतो. डोक्यावर फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा, त्यावर काळा गोल. चाळीस पावलांवर आमचे मालक, डॉन एवारिस्तो. बंदुकीवर लेझर नवा बसवलेला. रात्री वासरं उचलणाऱ्या प्यूमाला मारायचं होतं. लाल ठिपका गोलावर टेकवून त्यांनी बार काढायचा, भोक कुठे पडलं ते मी वॉकीटॉकीवर सांगायचं, मग त्यांनी स्क्रू पिळायचा. ठिपका आणि गोळी एका जागी येईपर्यंत कुणी हलायचं नाही.

येतात कसली! भोक दर वेळी मालकांच्या डावीकडे, हातभर. मान्य करतील तर मालक कसले. 'चुकली' म्हटलं की मलाच आंधळा म्हणायचे, कुठल्या बाजूला ते ऐकूनच घेत नव्हते.

पाच वाजता गावाकडे गाडी सुटणार होती, आठवड्यातली एकच. बायको निमिया बाळंत होऊन नऊ दिवस झाले होते आणि पोरीचं तोंड मी पाहिलं नव्हतं. साडेचार वाजता माझं डोकं फिरलं. पुठ्ठ्याची भोकं पडलेली कड फाडून टाकली, खिशातला खिळा काढला, गोलाच्या मधोमध तीन भोकं पाडली आणि सांगितलं, बसल्या, मालक, तिन्ही बसल्या.

मालकांनी तो पुठ्ठा ओसरीत टांगला. पाहुण्यांना दाखवला. खूश होऊन म्हणाले, सिंदुल्फो, तुझा पायगुण चांगला, आज रात्री आमिषाच्या वासराचा दोर तूच धर. गाडी माझ्या डोळ्यांदेखत गेली.

तर काळोखात मी केब्राचोच्या झाडाच्या जाडजूड खोडाला खांदा टेकून उभा, हातात दोर. मालक मागे चाळीस पावलांवर, एकटेच. गोळी कुठे जाणार हे जगात फक्त मला ठाऊक. प्यूमा आला तो माझ्या उजव्या हाताला, वासराच्या मानेजवळ. त्याच्या खांद्यावर लाल ठिपका टेकला. तिथून हातभर डावीकडे मी.

"थांबा, मालक! ती भोकं खिळ्याची आहेत!"

प्यूमा पळाला. मी वळलो, पाठ खोडाला लावली आणि सगळं ओकून टाकलं: गाडी, पोर, खिळा. मग ठिपका माझ्या छातीवर आला.

वाटलं, संपलो. पण खरं सांगू? ठिपका छातीवर होता तोवर मी सुखरूप होतो.

"पाहुण्यांसमोर माझं हसं केलंस," मालक सावकाश म्हणाले. "आता खरं सांग. गोळी कुठल्या बाजूला जाते?"

घाबरवत असतील, मी मनाशी म्हटलं. सोळा वर्षं यांचं मीठ खाल्लंय. तरी तोंडातून निघालं ते उलटंच.

"तुमच्या उजवीकडे, मालक. हातभर."

ठिपका हलला. माझ्या छातीवरून त्यांच्या डावीकडे सरकला, बरोब्बर हातभर, आणि शेजारच्या सालीवर थांबला. माणूस घाबरवत नव्हता.

बार झाला. तो कुठे लागला हे सांगायला मी थांबलो नाही. दोर सोडला आणि काट्यांतून रस्त्याच्या दिशेने पळत सुटलो. पोरीचं गाव नव्वद किलोमीटरवर होतं.