बदनामी पहिल्या पानावर, माफी कोपऱ्यात

दहा वाजता मजकूर छापखान्यात जायला हवा आणि सदरात चार ओळी कमी पडताहेत, ही अडचण वर्तमानपत्रात काम करणाऱ्या कुणालाही ठाऊक असते. एकोणीसशे चव्वेचाळीस सालच्या ऑक्टोबरात हॉलिवूडमध्ये विल्मा ट्रास्कपुढे तीच अडचण उभी होती. कोणती नटी कुणाबरोबर नाचली, कुणाचा संसार मोडायला आला, हे सांगणारं तिचं सदर साठ वर्तमानपत्रांत छापून येई. युद्ध सुरू झाल्यापासून मात्र तिला नवी चटक लागली होती. देशभक्त कोण आणि फितूर कोण, हेही आता तीच ठरवत होती!

"घ्या लिहून," ती आपल्या टंकलेखिकेला, मिसेस क्विग्लींना म्हणाली. "नटी लेनोर गॅरिटीला जपान्यांचा भलताच पुळका आलाय. परवा भर पंगतीत म्हणाली, त्यांना छावण्यांत कोंडणं हा अन्याय आहे. आमची पोरं तिकडे मरताहेत आणि ही बया शत्रूसाठी आसवं गाळतेय!"

मिसेस क्विग्लींची बोटं थांबली.

"ती शत्रूबद्दल नाही बोलली, बाई. इथंच अमेरिकेत जन्मलेल्या, पण जपानी वंशाचे म्हणून सरकारनं कोंडलेल्या माणसांबद्दल बोलली."

"तुम्ही होतात तिथं?"

"तुम्ही तरी कुठं होतात? वाढप्यानं सांगितलं तुम्हाला. माझा मुलगा पॅसिफिकात जपान्यांशी लढतोय. तारवाला दारावरून पुढं गेला की मगच माझ्या जिवात जीव येतो. पण मत पटलं नाही की दुसऱ्याला फितूर म्हणायचं, यासाठी नाही तो लढत."

"टाइप करा, मिसेस क्विग्ली."

त्यांनी टाइप केलं. संपादकांनी ते उचलून थेट पहिल्या पानावर ठळक छापलं. आठवड्याच्या आत लेनोरचा चित्रपट थिएटरांतून उतरला, स्टुडिओनं करार मोडला. जखमी जवानांची पत्रं लिहून द्यायला ती लष्करी इस्पितळात जायची. तिथूनही निरोप आला, आता येऊ नका. विल्मा मात्र खूश होती. आपल्या लेखणीत केवढी ताकद!

तीन आठवड्यांनी ती त्याच इस्पितळात गेली. बरोबर फोटोवाला होता. जवानाचं पत्र लिहून देताना तिला स्वतःचा एक फोटो हवा होता.

नवव्या खाटेवरच्या जवानाचं तोंड डोळ्यांसकट पट्ट्यांनी झाकलेलं होतं. "आईला लिहायचंय, मॅडम," तो म्हणाला. "पूर्वी लेनोरबाई लिहायच्या. आताशा का येत नाहीत, कोण जाणे."

"कामात असतील," विल्मा म्हणाली.

"लिहा. आई, मी बरा आहे. एक डोळा वाचेल म्हणतात. नाक मात्र पहिल्यापेक्षा झकास बसवणार आहेत, तेव्हा रडू नकोस."

विल्माला हसू आलं. "पत्ता?"

"मिसेस तानिगुची, बराक चौदा." पुढं त्यानं छावणीचं नाव सांगितलं.

पेन जागच्या जागी थबकलं. "तुम्ही… जपानी?"

"इथल्याच फ्रेस्नोचा, मॅडम. बाबांचा द्राक्षमळा होता. मी इटलीत अमेरिकेकडून लढत होतो आणि आईबाबा तारेच्या कुंपणात. लेनोरबाईसुद्धा पत्ता लिहिताना अशाच थांबल्या होत्या. म्हणाल्या, हे मी चारचौघांत बोलणार! मी म्हटलं, नका बोलू, लोक तुम्हालाच धारेवर धरतील. बोलल्या का हो त्या?"

"बोलल्या."

"मग?"



"बाई, इकडं बघा, जरा हसा!" फोटोवाला म्हणाला. विल्मानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. ज्याला दिसत नव्हतं त्याच्यासमोर तिला तोंड लपवावंसं वाटलं! कसाबसा पत्ता पुरा करून, पत्र पर्समध्ये टाकून ती बाहेर पडली. पत्र तिनं स्वतः पेटीत टाकलं. खरं सांगायचं धैर्य मात्र तिला झालं नाही, आणि त्याचीच तिला जास्त लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी तिनं सांगितलं, "सदराच्या शेवटी दोन ओळी घाला. लेनोरबाईंच्या बोलण्याचा विपर्यास झाला, म्हणून."

"झाला?" मिसेस क्विग्ली म्हणाल्या. "आपोआप झाला? बदनामी पहिल्या पानावर आणि माफी कोपऱ्यात, हा कुठला न्याय? आपण केला म्हणा, बाई. तुम्ही सांगितलात, मी टाइप केला. त्या रात्रीपासून मुलाला पत्र लिहायला बसले की माझा हात चालत नाही."

विल्मा खुर्ची ओढून स्वतःच यंत्रापुढं बसली. 'मी न ऐकलेलं बोलणं मोडून-तोडून छापलं. एका खऱ्या देशप्रेमी बाईचं नाव मी मातीत घातलं,' इथून तिनं सुरुवात केली आणि सबंध सदर त्यातच संपवलं.

छापील अंक घेऊन ती लेनोरच्या दारात गेली. लेनोरनं उभ्या उभ्या वाचलं.

"माफ केलं, असं आज तरी नाही म्हणवत मला," ती म्हणाली. "कामाचं काय होईल, देव जाणे. पण हे वाचून इस्पितळातून सकाळीच पुन्हा बोलावणं आलंय. सरका, मला निघायचंय."

विल्मा बाजूला झाली.

त्या महिन्यात अकरा वर्तमानपत्रांनी तिचं सदर बंद केलं. 'फितूर' म्हणून तिलाच शिव्या देणारी पत्रं पोत्यानं आली. मिसेस क्विग्ली ती टाकून देणार होत्या, पण विल्मानं एकेक उघडून वाचलं. ते शब्द तिच्याच सदरातून लोकांच्या तोंडी बसले होते!

वाचकहो, युद्धाच्या दिवसांत शंका घेणं फार सोपं असतं, आणि लेखणी हातात असणाऱ्याला तर त्याबद्दल टाळ्याही मिळतात. पण ऐकीव गोष्टीवरून शेजाऱ्याला देशद्रोही ठरवणारा माणूस देशाचं रक्षण करत नसतो. ज्यासाठी सीमेवर पोरं जीव देतात, तेच तो घरात बसून मोडत असतो.