धापा टाकतो, पण बसत नाही

मी जुना लॅपटॉप बोलतोय. जरा दमानं ऐका, कारण बोलायला लागलो की माझा पंखा घर्र करून सुरू होतो. तो आवाज ऐकून पुष्कळांना वाटतं, याचं आता काही खरं नाही. वाटू द्या! पण याच आवाजापायी भर दुकानात माझा अपमान झाला होता, आणि तो काही मी अजून विसरलेलो नाही.

दिसायला मी काळा, जाड आणि वजनाला भक्कम. माझी उमेदीची वर्षं अकोल्यात गेली, एका बांधकाम कंपनीच्या कचेरीत. तिथल्या माधवी मॅडम इंजिनीयर होत्या. इमारतींचे आणि पुलांचे नकाशे दिवसभर माझ्यावर काढायच्या. अकोल्याचा उन्हाळा तुम्हाला ठाऊकच आहे. बाहेर माणसं डोक्याला दुपट्टा बांधून फिरायची आणि आत मी अख्खी इमारत पोटात घेऊन पळायचो. साहेबांचा फोन येऊन गेला की मॅडम सगळा राग माझ्या बटणांवर काढायच्या. त्यात एक बटण निखळूनही पडलं. पण कामात मी कधी अडलो नाही.

मग कंपनीने सगळ्यांना नवे लॅपटॉप दिले. माणूस निवृत्त झाला की त्याला निदान शाल-श्रीफळ तरी मिळतं. मला माझ्याच चार्जरच्या वायरीत गुंडाळलं आणि अमरावतीला चंदनच्या दुकानात पाठवून दिलं.

चंदनच्या दुकानात जुने आणि नवे दोन्ही मिळतात. नव्यांना काचेचं कपाट आणि आम्हाला उघडी फळी. माझ्या बरोब्बर समोर एक नवा, स्वस्तातला लॅपटॉप होता. चंदेरी रंगाचा, पापडासारखा पातळ. किंमत आमची जवळपास सारखीच. गिऱ्हाईक यायचं, मला हातात घ्यायचं, "लय जड हाये बाप्पा," म्हणायचं आणि त्याच्याकडे वळायचं. तो चंदेरी तर मला आजोबाच म्हणत असणार, पण काचेमुळे ऐकू येत नव्हतं.

एक दिवस नांदगाव खंडेश्वरहून नत्थुजी आले, सोबत मुलगी दामिनी. दामिनीचा सिव्हिलचा डिप्लोमा होऊन वर्ष उलटलं होतं. काम नव्हतं, आणि घरी येणारा प्रत्येक पाहुणा चहाच्या आधी "आता पुढं काय?" विचारायचा. शेवटी गोदामं बांधायची कामं घेणाऱ्या अकोल्याच्या भावना मॅडमनी तिला सांगितलं होतं, गोदामाचा एक नकाशा करून शनिवारी संध्याकाळपर्यंत पाठव. जमला, तर पुढची गोदामं तुझी, घरी बसून काम कर. नाही जमला, तर दुसरं कोणी बघते. त्यासाठी लॅपटॉप हवा होता. पोरीचं सगळं त्या शनिवारावर टांगलेलं होतं.

पण खरेदीला आले होते नत्थुजी, आणि नत्थुजींची सारी हयात बैलबाजारात गेलेली. सगळं गाव त्यांना बैल पारखायला सोबत न्यायचं. त्यांनी मला फळीवरून उचललं, दोन्ही अंगठे लावून बैलाचा जबडा उघडावा तसं माझं झाकण उघडलं आणि आत वाकून बटणं बघितली.

"एक दात पडेल हाये," ते म्हणाले. "उमर झाली याची. पह्यल्या धन्यानं काऊन इकला? खोड असन काई."

"काका, कंपनीचा माल हाये," चंदन म्हणाला. "त्यायनं सगळेच बदलवले."

"मारका त नाई ना?"

"काका, लॅपटॉप हाये हा!"

"चालता चालता बसत त नाई?"

"बाबा, थांबा ना जरा," दामिनी लाजून म्हणाली. "माही फाईल लावून पाहू द्या."

चंदनने माझ्यावर नकाशे काढायचा प्रोग्राम टाकून ठेवलेला होता. दामिनीने तिचा अर्धवट नकाशा उघडला आणि काय सांगू, मला अकोल्याचे दिवस आठवले! किती दिवसांनी कोणी धड काम दिलं होतं. मी जोर लावला, खांब, भिंती, छप्पर, सगळं पडद्यावर आणलं. साहजिकच पंखा सुरू झाला.

नत्थुजींनी माझ्या कुशीला हात लावला. गरम हवा त्यांच्या तळहातावर गेली आणि त्यांचा चेहरा पडला.

"हे त धापा टाकून रायलं वं! आत्ताच जुपलं अन् आत्ताच दम लागला!"

"बाबा, काम करून रायला म्हणून पंखा फिरते त्याचा."

"मले नको शिकवू. असं जनावर मी बाजारातून घरी नाई आणलं कधी."

मग चंदेरीची पाळी. त्याच्यावर तो प्रोग्राम नव्हता, म्हणून चंदनने एका लग्नाचा व्हिडिओ लावला. व्हिडिओ चालला, आवाज नाही, गरमी नाही. नत्थुजींनी त्याच्याही कुशीला हात लावला आणि खूश झाले.

"हे पाह्य! शांत गुणाचं हाये. अन् रूपानंही बेस."

दामिनीने परत एकदा माझ्याकडे बघितलं. पण घरात पहिल्यांदाच असं यंत्र येत होतं आणि बापाची हौस तिला मोडवेना. चंदेरी गेला. मी फळीवर घुमत राहिलो. राग आला होता मला, खोटं कशाला बोलू?

शुक्रवारी दुपारी दोघं परत दारात. दामिनीचे डोळे लाल. नत्थुजींनी पिशवीतून चंदेरी काढून काउंटरवर ठेवला.

"हे बसकं निघालं. नकाशा उघडला का बसते, मंग उठतच नाई. बाजारात आठ दिवसांत खोड दिसली त जनावर वापस घेतात. घे वापस."

"काका, हे दुकान हाये, बैलबाजार नाई," चंदनने कपाळावर हात मारला. "डबा फुटला, आता तो नवा कसा म्हनू मी?"

"मंग खोडीचं जनावर गयात बांधतं काय माह्या?"

आवाज चढले. तेव्हा दामिनी मधे आली. मागच्या वेळी लाजत बोलणारी पोरगी, पण त्या दिवशी तिचा सूर वेगळाच होता.

"बाबा, त्याचा काई दोष नाई. लिहाय-वाचाचं, पाहाचं काम त्याले जमते. आपून त्याले नांगराले जुपलं. उद्या सांजेले नकाशा नाई गेला, त काम दुसऱ्याले जाईन. आता लॅपटॉप मीच निवडीन."

 नत्थुजींनी टोपी काढून डोकं खाजवलं आणि म्हणाले, "निवड बाप्पा."

तिने माझ्यावर हात ठेवला. चंदनने कुरकुरत अदलाबदल केली आणि चंदेरी माझ्या जागी उघड्या फळीवर जाऊन बसला. मला हसू यायला हवं होतं, पण वाईटच वाटलं. पुढे मोझरीच्या एका भजनी मंडळाने त्याला नेलं म्हणे. तिथे भजनं दाखवतो आणि सुखात आहे.

शनिवारी दामिनी सकाळपासून कामाला बसली. मी धापा टाकत होतो, ती रेघा ओढत होती. नत्थुजी दारातून सारखे डोकावायचे. दुपार कलली, नकाशाचं थोडंच काम उरलं आणि गेली ना लाइट! माझी बॅटरी म्हणजे नावाला बॅटरी. पडद्यावर इशारा आला तशी दामिनी रडकुंडीला आली.

"बस स्टँडवर मोतीरामच्या हाटेलात इन्व्हर्टर हाये," नत्थुजी ओरडले. "चाल!"

त्यांनी मला दुपट्ट्यात गुंडाळून छातीशी धरलं आणि धावत सुटले. हॉटेलात शिरून त्यांनी न विचारता मिक्सरची वायर उपटली आणि माझी लावली.

"अरे, चटणी वाटाची हाये माही!" मोतीराम ओरडला.

"चटणी थांबन गा! पोरीचं काम हाये!"

हॉटेलात उकाडा मी म्हणत होता. माझा पंखा असा घोंगावला की चहा पिणारे वळून बघायला लागले. आणि मग नत्थुजी माझ्याजवळ उभे राहिले, दुपट्टा सोडला आणि मला वारा घालायला लागले. "दम घे गा राजा, दम घे. झालंच आता. जराकसं उरलं." मला धापेवरून नाकारणारा हाच माणूस! माझ्या सगळ्या वर्षांत मला कोणी वारा घातला नव्हता.

नकाशा गेला. सूर्य बुडायच्या आत गेला. थोड्या वेळाने भावना मॅडमचा फोन आला. दामिनी "हो मॅडम, हो मॅडम" म्हणत राहिली आणि फोन ठेवून बापाच्या गळ्यात पडली. काम मिळालं होतं. मोतीरामने सगळ्यांना चहा पाजला आणि मग कुठे त्याची चटणी वाटून झाली.

आता मी दामिनीच्या टेबलावर असतो. रोज गोदामं उभी करतो, रोज धापा टाकतो आणि घरात कोणी त्याबद्दल बोलत नाही. आज मात्र माझा जीव थोडा टांगणीला लागलाय. उद्या पोळा. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी वर्षभर राबलेल्या बैलांच्या खांद्यांना तूप-हळद लावतात आणि त्यांना जेवणाचं आमंत्रण देतात. गोठ्यातलं आटोपून नत्थुजी पळसाचं पान आणि तुपाची वाटी घेऊन सरळ माझ्याकडेच येतायत.

"बाबा! तूप नाई! बटनात जाईन!" दामिनी स्वयंपाकघरातून ओरडतेय.

नत्थुजी थबकले. त्यांनी वाटी खाली ठेवली, हात धोतराला पुसले आणि माझ्या बंद झाकणावर तळवा ठेवला. मग बैलांच्या कानात सांगतात ना, तसं खाली वाकून हळूच म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

वाचकहो, जेवायचं माझ्या नशिबात नाही. पण आवतन मी घेतलंय.