अकरा वाजताचा केना

केन्याच्या फुलाला वर दोन निळ्या पाकळ्या असतात आणि खाली तिसरी, बारीकशी, चटकन न दिसणारी. सकाळी अकरा वाजता मोहिनीने कपाशीच्या बांधावरचं एक फूल बोटावर घेतलं, तेव्हा तिन्ही मिळून निळ्या पाण्याचा थेंब झाला होता. केना सुकवायचा तर सातच्या आत टिपकागदात जायला हवा. ते काम तिने केव्हाच उरकलं होतं.

तिचा नवरा ललित नऊला उठला होता. आता पांढराशुभ्र झब्बा घालून तो बांधावर गुडघे टेकून बसला होता आणि जळगावहून आलेली रूपल मोबाईलवर त्याचा व्हिडिओ घेत होती. तिच्या कपड्यांच्या शोरूमला ललित करायचा तशा सुकवलेल्या रानफुलांच्या चाळीस फ्रेमा हव्या होत्या.

"फुलं मी शोधत नाही," ललित दूर कुठेतरी बघत म्हणाला, "तीच मला हाक मारतात."

आणि पांढऱ्या फुलांचा एक झुबका त्याने अलगद गालाला लावला.

निंदणी करणारी कुंदाबाई हातातलं खुरपं टाकून हसत सुटली. वावर तिचंच होतं.

"ओ भाऊ, ते गाजरगवत शे! ते कसानं हाक मारस, आते खाज सुटी!"

"हे कट करू हं दादा," रूपल म्हणाली.

मोहिनीला हसूही आलं नाही. चौदा वर्षांत या माणसाला पाच फुलांची नावं आली नव्हती. केन्याची तिसरी पाकळी 'अपुरी दिसते' म्हणून तो कात्रीने उडवायचा. फ्रेमवरची सही मात्र लफ्फेदार. आणि रोज कागद बदलून, नीट सुकवून, ती फुलं त्याच्या टेबलावर ठेवणारी तीच. स्वतःबद्दलही तिला फारसं बरं वाटत नव्हतं. धुळ्याचं एक कॉलेज वनस्पतिसंग्रहासाठी तिच्याकडे हेच नमुने मागत होतं. ठिकाण, तारीख आणि गोळा करणाऱ्याचं नाव लिहून. फुलं दोन्हीकडे पुरणारी नव्हती. 'कळवते' म्हणण्यात तिने दोन पावसाळे घालवले होते.

"भाभी, तुम्हालाही आर्टची आवड आहे?"

"तिचं काय, बांधावर फिरते, कागद बदलते. तेवढाच विरंगुळा," ललित गाल खाजवत म्हणाला. "चाळीस ना? दिवाळीपर्यंत देतो. काय गं, आणशील ना फुलं?"

मोहिनीने टिपकागद दाबून धरणाऱ्या फळ्यांवरचा पट्टा आवळला.

"नाही," ती म्हणाली. "यंदाची सगळी फुलं धुळ्याला जाणार. माझ्या नावाने."