इद्वलच्या टेबलावरचे ट्राउट

जून लागून चार दिवस झाले होते. आमच्या ओढ्यावर वर्षातून पंधराच दिवस असे येतात, की तळातून पंखवाल्या माश्या थव्यांनी वर निघतात आणि ट्राउट मासे भान विसरून त्यांच्यावर झेपावतात. त्या दिवसांसाठी मी हिवाळाभर गळावर पिसं बांधून तशाच खोट्या माश्या करत बसते.

त्या सकाळी माश्या निघाल्या होत्या, पण एकही मासा वर येईना. अर्धा तास मी गळाची दोरी फेकत राहिले. मग वास आला. वळणावर गेले तर पाणी तपकिरी, वर फेस, आणि काठच्या गवतात ट्राउट पोटं वर करून अडकलेले. त्यातला सगळ्यात मोठा मी ओळखला. गेल्या उन्हाळ्यात मी त्याला धरून सोडलं होतं.

मी काठाकाठाने वर चालत गेले. इद्वलच्या गोठ्यामागच्या टाकीतून शेणाचं पाणी ओहळासारखं ओढ्यात उतरत होतं. त्या जागेच्या वरच्या अंगाला पाणी आरशासारखं स्वच्छ.

इद्वल आमच्या मासेमारी मंडळाचा अध्यक्ष. दोन्ही काठांची जमीन त्याची, आणि मला दोरी फेकायलाही त्यानेच शिकवलेलं. मी जाळीत मावतील तेवढे मेलेले ट्राउट भरले आणि चिखलाच्या बुटांनी त्याच्या स्वयंपाकघरात शिरले. तो आणि मंडळाचा चिटणीस हेविन चहा पीत बसले होते. मी जाळी टेबलावर उलटी केली.

इद्वल दचकला नाही. टाकी रात्रीच भरून वाहायला लागली होती, पहाटे त्याने पाहिलं होतं. पावसामुळे शेतात शेण टाकता आलं नाही, त्याला तो काय करणार, असं त्याचं म्हणणं. मासे काय, दोन-चार वर्षांत परत येतील.

हेविन हळूच म्हणाला, "मेरेरिद, जरा दमानं घे. उद्या यांनी काठावर कुंपण घातलं, तर आपण सगळ्यांनी जायचं कुठे?"

तीस वर्षं मी इद्वलला 'तुम्ही' म्हणत आले होते.

"पहाटेपासून तुला माहीत होतं," मी म्हणाले. "एक हाक मारली असतीस तर आम्ही दहाजण फावडी घेऊन आलो असतो. टाकीपाशीच बांध घातला असता. आणि तू इथे पावाला लोणी लावत बसलास."

"कर तक्रार," तो म्हणाला. "पण मग या काठावर पाऊल टाकायचं नाही."

त्याच्याच भिंतीवरचा फोन उचलून, त्याच्यासमोर उभं राहून मी प्रदूषणवाल्यांना सगळं सांगितलं. दुपारी ते आले, ओढ्याच्या पाण्याच्या बाटल्या भरून घेऊन गेले. हिवाळ्यात कोर्टाने त्याला दोषी ठरवलं. अध्यक्ष मात्र तोच राहिला. मंडळातून काढलं मला. हेविनने दोन ओळींचं पत्र पाठवलं, खाली सगळ्यांच्या सह्या. त्या सह्यांकडे मी बराच वेळ बघत होते. एकेकाला मी माझ्या हाताने बांधलेल्या माश्या दिल्या होत्या.

आता मी डोंगरापलीकडच्या ओढ्यावर जाते. तिथले ट्राउट बोटाएवढे.

परवा दुकानात हेविन भेटला. आजूबाजूला कोणी नाही असं बघून म्हणाला, वळणाखाली ट्राउटची बारकी पिल्लं दिसायला लागलीत, तुला सांगावंसं वाटलं. त्याला वाटलं असेल, मला बरं वाटेल. मी त्याच्याकडे न बघता पाव उचलला आणि बाहेर पडले. घरी पोचेपर्यंत माझ्या मुठीत तो पाव पार चुरडून गेला होता.